सार्वजनिक जलतरण तलावांचे आरोग्य व सुरक्षा नियम

सार्वजनिक जलतरण तलावांचे आरोग्य व सुरक्षा नियम म्हणजे पाण्यातून होणारा रोगप्रसार आणि बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी आखलेली मानके व कार्यपद्धती होय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६६ नुसार जलतरण तलाव हा महानगरपालिकेच्या ऐच्छिक कर्तव्यांपैकी एक आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या चंद्रपूर महानगरपालिकेलाही हा अधिनियम लागू आहे.

पाण्याची गुणवत्ता

तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लोरीन वापरणाऱ्या तलावाचा सामू ७.२ ते ७.८ असावा, चांगल्या गाळणयंत्रणेच्या तलावात प्रतिलिटर १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन पुरेसे ठरते. सामू वाढल्यास क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते. तलावाचा उग्र वास हे स्वच्छतेचे लक्षण नव्हे. घाम व मूत्राशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनमुळे तो येतो. म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी स्नान आवश्यक मानले जाते.

उन्हाळ्यातील दक्षता

चंद्रपुरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. कडक उन्हात उघड्या तलावातील मुक्त क्लोरीन झपाट्याने नष्ट होते आणि त्याच काळात गर्दीही वाढते. त्यामुळे पाण्याची तपासणी दिवसातून अनेकदा करावी लागते.

जीवरक्षण

बुडणारी व्यक्ती बहुधा ओरडू शकत नाही. त्यामुळे प्रशिक्षित जीवरक्षकाची अखंड नजर, खोलीदर्शक आकडे, निचऱ्याच्या तोंडावर सुरक्षित जाळी आणि जीवरक्षक कडी आवश्यक असतात. गढुळपणामुळे तळ दिसत नसल्यास तलाव बंद ठेवावा.