तारीख न लिहिलेली नोटीस

आजचा विषय आहे अमेरिकेतलं इमिग्रेशन कोर्ट. खरं तर त्यातली एक छोटीशी कोरी जागा. नोटिशीवर सुनावणीची तारीख लिहायची जागा असते ना, ती.

आधी एक समजून घ्या. इथले न्यायाधीश न्यायपालिकेचे नसतात, सरकारच्याच न्याय खात्याचे असतात. प्रकरण दिवाणी मानलं जातं, म्हणून सरकारी खर्चानं वकील मिळत नाही. आणि १९९६ च्या कायद्यानुसार नोटीस देऊनही तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या गैरहजेरीतच देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघतो. गंभीर आजारपणासारखं कारण असेल, तर १८० दिवसांत अर्ज करायचा. नोटीसच मिळाली नसेल, तर कधीही.

आता एवढी कडक शिक्षा ठेवायची, तर कधी आणि कुठे यायचं हे सांगायला नको? कायदाही तेच म्हणतो: पहिल्या नोटिशीतच वेळ आणि ठिकाण हवं. पण सरकार तिथे लिहायचं, 'नंतर कळवू'. आणि हे सर्रास चालायचं बरं का.

ब्राझीलहून आलेल्या परेरा यांना २००६ मध्ये अशीच नोटीस मिळाली. वर्षभरानंतर कोर्टानं तारीख कळवली: ३१ ऑक्टोबर २००७, सकाळी साडेनऊ. त्यांनी पोस्ट बॉक्सचा पत्ता दिला होता, पत्र गेलं घराच्या पत्त्यावर आणि परतही आलं. माणसाला काही पत्ताच नाही, इकडे हुकूम निघालासुद्धा! पुढे २०१३ मध्ये वाहतुकीच्या एका साध्या कारणावरून त्यांना अडवलं, तेव्हा ते पुन्हा यंत्रणेच्या हाती लागले.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. दहा वर्षं अमेरिकेत राहिलेल्याला एक सवलत मागता येते, पण नोटीस मिळाली की ते वर्षांचं घड्याळ थांबतं. २०१८ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल आला: वेळ आणि ठिकाण नसलेला कागद ही नोटीसच नाही, घड्याळ थांबलेलं नाही. आधीच्या तीन वर्षांतल्या जवळपास १०० टक्के नोटिशींवर वेळ नव्हती, असं सरकारनंच कोर्टात मान्य केलं होतं.

मग सरकारनं काय केलं? तारखा लिहिल्या, पण वाट्टेल त्या! कुणाला रविवार, कुणाला मध्यरात्र, कुणाला चक्क ३१ सप्टेंबर. ३१ जानेवारी २०१९ ला तर लोक थंडीत कोर्टाबाहेर रांगा लावून उभे, आणि अनेकांची सुनावणी यादीतच नाही. कामाचा दिवस बुडवून, लांबून प्रवास करून आलेली माणसं होती ही.

२०२१ मध्ये कोर्टानं पुन्हा बजावलं: कायद्यात 'एक नोटीस' म्हटलंय, म्हणजे सगळी माहिती एकाच कागदात. तुकड्यातुकड्यांनी पाठवू नका.

पण २०२४ मध्ये वारं फिरलं. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, पहिला कागद अपुरा असला तरी नंतर तारीख कळवली असेल, तर गैरहजेरीतला हुकूम कायम. या निकालात एका भारतीयाचं, सिंग यांचंही प्रकरण होतं. खालच्या कोर्टात जिंकलेले सिंग इथे हरले. गंमत बघा, २०१८ मध्ये एकट्यानं विरोधी मत दिलेले न्यायमूर्ती अलिटो यांनीच हा निकाल लिहिला. माझ्या मते १९९६ च्या कायद्याचा साधा अर्थ इथे हरवला. पण आज नियम हाच आहे.

म्हणून तिकडे कुणी ओळखीचं अशा कचाट्यात असेल, तर एवढं सांगा: पत्ता बदलला की पाच दिवसांत कोर्टाला फॉर्म भरून कळवायचा. सरकारी वेबसाइटवर आपला नऊ आकडी नंबर टाकून पुढची तारीख स्वतः बघत राहायची. पत्राची वाट बघत बसायचं नाही.

आणि आता नवीनच पेच. मे २०२५ पासून सुनावणीला आलेल्या लोकांना कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येच अटक होऊ लागली. गेलं तर बेड्यांची भीती, नाही गेलं तर हुकूम ठरलेला.