अंगात येणे
देव, पूर्वज किंवा भूत माणसाच्या शरीरात संचार करून त्याच्या मुखाने बोलते, अशी समजूत. ती जगभर आढळते. सूदान व इथिओपियातील झार, हैतीमधील वूडू, ज्यूंच्या लोककथांतील दिब्बूक ही तिची परिचित रूपे होत. मराठीत या अवस्थेचे दोन प्रकार मानतात. देव ‘अंगात येतो’, त्याचे स्वागत होते. भूत ‘लागते’, ते उतरवावे लागते. घुमणे, केस मोकळे सुटणे, आवाज पालटणे ही लक्षणे मात्र दोहोंत बरीचशी सारखीच असतात. आलेले कोण, हे भोवतालचे लोक ठरवितात.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, ते विसाव्या शतकाच्या आरंभी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी या जिल्ह्यासह कोकणातील लोकसमजुतींची माहिती शाळामास्तरांकडून जमविली. १९०९ मध्ये नाशिक येथे त्यांची हत्या झाली, पुढे आर. ई. एन्थोव्हन यांनी ही सामग्री १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेल्या ब्राह्मण मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची हडळ होते, तर खवीस हे मुसलमानाचे भूत मानले जाते. यादी भुतांची असली, तरी तीत अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची आणि शेजारच्या समाजांविषयीच्या धास्तीची नोंद आपोआप झाली आहे.

बोरिवलीच्या जंगलालगतच्या पाड्यांतील वारल्यांमध्ये भगताच्या अंगात देव येतो. साष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांचे धर्मांतर पोर्तुगीज अमदानीतले. कॅथलिक धर्मविधिसंहितेनुसार (१९८३) बिशपच्या खास परवानगीवाचून भूतबाधा काढण्याचा विधी धर्मगुरूसही करता येत नाही. ही समजूत केवळ अशिक्षितांची, हे म्हणणेही टिकत नाही. आश्विन शुद्ध अष्टमीस चित्पावन कुटुंबांत तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी पूजितात. रात्री स्त्रिया घागरी फुंकतात, तेव्हा एखादीच्या अंगात देवी येते व सासरची वडीलधारी मंडळीही तिच्यापुढे हात जोडून प्रश्न विचारतात. एरवी घरात जिचे मत घेतले जात नाही, तिचे बोलणे त्या रात्रीपुरते आज्ञेप्रमाणे ऐकले जाते. दुबळ्यांना आपले गाऱ्हाणे मांडण्याची वाट अशा अवस्थेतून मिळते, असे मत आय. एम. लूइस या मानवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडले.

मात्र त्याच स्त्रीला ‘भूत लागले’ असे ठरले, की छळ सुरू होतो. साखळीने बांधणे, मारहाण, मिरचीची धुरी हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरविले. शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारी धार्मिक कृत्ये त्यातून वगळली आहेत. २०२२ पासून अंमलात आलेल्या जागतिक रोगवर्गीकरणातही, समाजमान्य धार्मिक विधीचा भाग असलेला संचार हा विकार मानलेला नाही.