सीलंट, ट्यूबलेस सायकल टायरमधील

ट्यूब नसलेल्या टायरमध्ये भरला जाणारा, बारीक छिद्रे आतून आपोआप बुजवणारा द्रव. त्याचा वापर मुख्यत्वे माउंटन बाइकवर होतो (पहा : सायकल).

फ्रान्सच्या माव्हिक कंपनीने १९९९ मध्ये यूएसटी ही ट्यूबलेस प्रणाली आणली. तिचे टायर व रिम सीलंटविनाही हवा धरत. मात्र टायर जड असत. पुढे अमेरिकेत स्टॅन कोझिअ‍ॅटेक यांच्या ‘स्टॅन्स नोट्यूब्स’ने चिकाचे सीलंट रूढ केले व हलके टायरही ट्यूबविना चालवता येऊ लागले.

बहुतेक सीलंटांत रबराचा नैसर्गिक वा कृत्रिम चीक (पहा : रबर), तो गोठू नये म्हणून अमोनिया, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि बारीक कण असतात. काटा घुसला की बाहेर पडणारी हवा द्रवाला छिद्राकडे ओढते. कण तेथे अडकतात आणि त्यांच्याभोवती चीक साकळून बूच बसते. सुमारे ६ मिमी.पर्यंतची छिद्रे अशी बुजतात, मोठ्या चिरेत रबरी प्लग खुपसावा लागतो. २९ इंची टायरला साधारण १०० मिलि. सीलंट लागते. व्हॉल्व्हचा गाभा काढून ते ओततात व चाक फिरवून सर्वत्र पसरवतात.

ट्यूब नसल्याने ती रिम व दगडात चिमटून फुटण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून हवेचा दाब कमी ठेवता येतो व खडकाळ वाटेवर पकड वाढते (पहा : टायर). चीक हळूहळू सुकतो, उष्ण हवेत लवकर; त्यामुळे दर दोन ते सहा महिन्यांनी सीलंटची भर घालावी लागते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरल्यास काही सीलंट अकाली साकळतात.