दुसरं इंजिन कुणाच्या बाजूचं?

हिंगोली जिल्ह्याला विमानतळ नाही, पण बैलजोडी आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेली असते. जोडीतला एक बैल चालता चालता थांबला की गाडी नुसती मंदावत नाही. ती त्याच्याकडे वळते. दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचंही असंच होतं. एका पंखावरचं इंजिन बंद पडलं की दुसरं विमानाला त्या बाजूला फिरवू लागतं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो, म्हणून दोन म्हणजे सुरक्षित. विमानांच्या इतिहासात हेच गृहीतक अनेकांच्या जिवावर बेतलं.

दुसऱ्या महायुद्धात फ्लोरिडातल्या टँपाजवळ बी-२६ मरॉडर या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचे इतके अपघात झाले की त्याला ‘विधवा करणारं विमान’ म्हणू लागले. जिमी डूलिटल यांनी एक इंजिन बंद ठेवून तेच विमान उडवून दाखवलं. पुढे त्याचे पंख मोठे केले गेले. पण शिकवण्यातही खोट होती, हे तेव्हा कळलं.

१९५४च्या सुमारास पायपर अपाची, सेस्ना ३१० अशी छोटी विमानं बाजारात आली आणि हा प्रश्न साध्या वैमानिकांपर्यंत पोचला. एक इंजिन गेलं तर वर चढण्याची क्षमता निम्मी होत नाही, साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त जाते. कारण विमान चढतं ते नुसतं उडत राहण्यासाठी लागणाऱ्या ताकदीच्या वर जे उरतं, त्यावर. पगार निम्मा झाला की बचत निम्मी होत नाही, संपते. तसंच हे.

वेगमापकावर एक लाल रेघ असते. वेग त्याखाली गेला की शेपटीवरच्या सुकाणूला पुरेसा वारा मिळत नाही, विमान वळतं आणि उलटू लागतं. तेव्हा उपाय एकच: नाक खाली करायचं आणि चांगल्या इंजिनाची ताकद कमी करायची. जमीन जवळ असताना हात तसं करायला धजत नाही.

मग हे शिकवायचं कसं? जमिनीजवळ शिकवावं तर गुरू-शिष्य दोघंही जातात. उंचावर न्यावं तर विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, लाल रेघेचा खरा वेग खाली येतो आणि पंखांचा आधार सुटण्याच्या वेगाला भिडतो. दोन्ही एकदम घडलं तर विमान गिरक्या घेत कोसळतं. म्हणून प्रशिक्षक सुकाणूचं पेडल मुद्दाम अर्धवट अडवून ठेवतो. ताबा सुटण्याची वेळ लवकर येते, सुरक्षित वेगातच. उड्डाणाच्या क्षणी इंजिन जाण्याचा सराव आता शक्यतो सिम्युलेटरवर होतो.

गोंदियाजवळ बिरसीला महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. आज तिथल्या प्रशिक्षण संस्थेत मुलं-मुली दोन इंजिनांच्या डायमंड डीए४२वर शिकतात. एक सूत्र सगळीकडचे विद्यार्थी पाठ करतात: विमान सरळ ठेवताना ज्या पायाला काम उरत नाही, त्या बाजूचं इंजिन मेलं. आणि उड्डाणाआधी वैमानिक मोठ्याने म्हणतो, अमुक वेगाआधी इंजिन गेलं तर मी थांबेन; चाकं उचलण्याआधी गेलं तर समोरच उतरेन. हा निर्णय दोन्ही इंजिनं व्यवस्थित चालू असतानाच घ्यायचा असतो.