रंगीत पटलाची कुळकथा

१९८२ च्या अखेरीस अमेरिकेतील जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने व्हेक्ट्रेक्स नावाचे जे खेळयंत्र १९९ डॉलर किमतीस विक्रीला काढले, त्याच्या खोक्यात यंत्राबरोबर एक पातळ, अर्धपारदर्शक, रंगीत प्लॅस्टिकचे पटलही असे. आणि पुढे त्या यंत्रासाठी जो जो खेळ निघाला, त्याच्या कार्ट्रिजबरोबर त्या खेळाचे स्वतंत्र पटल देण्याचा शिरस्ता पडला. यंत्राचा पडदा नऊ इंची, उभा आणि कृष्णधवल होता. पटल त्याच्यापुढे बसवले, की काळ्या अवकाशात धावणाऱ्या पांढऱ्या रेषा जागोजाग निळ्या, तांबड्या, पिवळ्या होत. रंगीत पडदा परवडत नव्हता म्हणून लावलेले ठिगळ, अशा नजरेने या पटलाकडे, म्हणजे ओव्हरलेकडे, पाहण्याची रीत आहे. किमतीचा मुद्दा खरा आहे. परंतु या वस्तूची वंशावळ तपासली, आणि आजचे हौशी लोक ती घरी बसून ज्या निगुतीने तयार करतात ती निगुती जवळून न्याहाळली, म्हणजे जे हलते ते प्रकाशाकडे आणि जे स्थिर राहते ते प्लॅस्टिककडे, अशी कामाची ही मोठी विचारपूर्वक केलेली वाटणी होती, असे माझे मत आहे.

या घराण्याचा मूळपुरुष मुलांच्या एका कार्यक्रमात सापडतो. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९५३ ते १९५७ या काळात ‘विंकी डिंक अँड यू’ नावाचा कार्यक्रम होत असे, आणि त्यासाठी पन्नास सेंटला एक संच मिळे: व्हिनाइलचा एक पारदर्शक ताव आणि काही रंगखडू. ताव घासला म्हणजे स्थितिक विद्युतामुळे तो चित्रवाणीच्या काचेस चिकटून राही, आणि कथेतला नायक ओढ्यापाशी अडला, की घरोघरची मुले त्या तावावर रेघा ओढून त्याला पूल बांधून देत. ज्यांच्याकडे संच नव्हता अशा मुलांनी थेट काचेवरच खडू चालवल्याच्या आणि आईबापांचा रोष ओढवून घेतल्याच्या हकिगती त्या काळच्या आठवणींत वारंवार येतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की पडद्यापुढच्या या पहिल्या पटलावरची आकृती कारखान्यातून छापून आलेली नव्हती. ती ज्याच्या त्याच्या हातची होती.

त्याच सुमारास त्याच देशात दुसरी एक शाखा फुटली. वर निळा, मध्ये तांबूस आणि खाली हिरवा असा तिरंगी ताव कृष्णधवल संचापुढे लावावा आणि घरबसल्या रंगीत चित्र पाहावे, अशी तिची ग्वाही होती. आपल्याकडेही मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्यानंतरही कैक वर्षे संचापुढे निळा किंवा बहुरंगी प्लॅस्टिकचा पडदा लावलेली घरे महाराष्ट्रात ठायी ठायी होती. आकाश वर आणि गवत खाली असेल तेवढ्या क्षणापुरती ती ग्वाही खरी ठरे. बातम्या देणाऱ्याचा चेहरा पडदाभर आला, की त्याचे कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी होई. प्लॅस्टिकने आपल्या हद्दी ठरवून ठेवल्या होत्या, आणि त्या पाळण्याचा चित्रावर कोणताच निर्बंध नव्हता. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या अपयशात आहे, कारण खेळाचे चित्र आपण स्वतःच रचतो, आणि म्हणून त्याला पटलाच्या हद्दी पाळायला लावता येते.

हे ज्याने प्रथम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले, ते यंत्र म्हणजे मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे १९७२ चे ओडिसी. राल्फ बेअर आणि त्यांचे सहकारी यांनी सँडर्स असोसिएट्स या कंपनीत सिद्ध केलेल्या नमुन्यात रंगाची सोय होती. ती खर्चापायी गाळली गेली, आणि यंत्राकडे उरले ते तीन चौकोनी ठिपके आणि एक उभी रेघ. गुणसुद्धा यंत्र मोजत नसे. टेनिसचे मैदान, झपाटलेला वाडा, अमेरिकेच्या संस्थानांचा नकाशा, बर्फाच्या उतारावरची वाट, हे सारे काचेला चिकटणाऱ्या पटलांवर छापलेले असे, आणि संचांचे आकार निरनिराळे म्हणून प्रत्येक पटल दोन मापांत येई. बर्फावरच्या खेळात ठिपका वाट सोडून भरकटला, तर यंत्राला त्याचा पत्ताही लागत नसे. तो दोष कबूल करणे खेळणाऱ्याच्या सचोटीवर सोपवलेले होते. निम्मे यंत्रात आणि निम्मे माणसाच्या मनात असे खेळाचे दप्तर इतक्या विश्वासाने पुन्हा क्वचितच विभागले गेले असेल.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांनी हा वारसा लगोलग उचलला. १९७६ च्या ब्रेकआउटमधील विटांच्या ओळी पडद्यावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे रंगीत दिसत. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्येही रंग पट्ट्यांचाच होता. परंतु पटलाचे खरे माहेर म्हणजे रेषांची यंत्रे. नेहमीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांची शलाका ओळीमागून ओळ झाडून काढते. या यंत्रांत ती केवळ हव्या त्या रेषेवरूनच फिरते आणि बाकीचा पडदा निखळ काळा राहतो. काळ्यापुढचे रंगीत प्लॅस्टिक काळेच दिसते, त्यामुळे रंग चढतो तो फक्त रेषेवर. १९८० च्या बॅटलझोनमध्ये वरची रडारची आणि गुणांची पट्टी तांबडी, खालचे रणक्षेत्र हिरवे. त्याच वर्षीच्या स्टार कॅसलमध्ये मधल्या तोफेभोवती फिरणारी तीन वर्तुळे तांबडी, नारिंगी आणि पिवळी, कारण ती फिरली तरी आपली जागा सोडत नसत. आणि आर्मर अटॅकमध्ये तर शहरातील इमारतीच पटलावर छापलेल्या. पटल काढले, की रणगाडे मोकळ्या काळोखात अदृश्य भिंतींना अडून उभे राहतात.

व्हेक्ट्रेक्स जन्मले ते अशा घराण्यात. त्याची रचना जे स्मिथ यांच्या वेस्टर्न टेक्नॉलॉजीज या संस्थेतली. या पटलाचे काम नुसते रंगाचे नव्हते. खेळाचे नाव आणि बटणांची कामे त्याच्या खालच्या कडेला छापलेली असत. शिवाय त्यामुळे रेषांची थरथर सौम्य वाटे आणि काचेवरची चकाकी कमी होई. चकाकी कमी होण्यामागे सरळ हिशेब आहे. खोलीतला प्रकाश पटलातून आत जातो, काचेवर आपटून पुन्हा पटलातूनच बाहेर येतो, म्हणजे त्याला दोनदा जकात भरावी लागते. पडद्यावरच्या रेषेचा प्रकाश एकदाच भरतो. पटल निम्मा प्रकाश अडवणारे असेल, तर रेषा निम्मी उरते आणि चकाकी चौथाई. १९८४ मध्ये या यंत्रासाठी निघालेल्या थ्री-डी इमेजर या चष्म्याने तर रंगाची वाटणी जागेऐवजी काळावर नेली: डोळ्यांपुढे रंगीत पाकळ्यांची चकती मोटरने फिरे आणि ज्या क्षणी ज्या रंगाची पाकळी पुढे येई, त्या क्षणी त्या रंगाची रेषा काढली जाई.

१९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडली या कंपनीने जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स विकत घेतली, खेळयंत्रांचा बाजार कोसळला, आणि १९८४ मध्ये यंत्राचे उत्पादन थांबले. यंत्रे टिकली, पटले हरवली, चरे पडून निकामी झाली, कोपऱ्यांशी तडकली. पुढे स्मिथ यांनी व्हेक्ट्रेक्सचे खेळ आणि कागदपत्रे विनानफा उतरवून घेण्याची मोकळीक दिली, ही या हौशी लोकांना मिळालेली सनदच म्हणायची. आणि १९९० नंतरच्या दशकात नवे खेळही लिहिले जाऊ लागले, ज्यांना पटल असे कधी नव्हतेच. घरगुती पटलाची गरज या दोन बाजूंनी उभी राहिली.

घरी पटल करणारा माणूस जुने पटल उपलब्ध असल्यास ते स्कॅन करतो, नसल्यास खेळ चालू ठेवून पडद्यावर ट्रेसिंग पेपर धरतो आणि रेषा कोठवर जातात ते पेन्सिलीने उतरवून घेतो. हे उतरवणे वरवर दिसते तितके यांत्रिक नाही. रेषा उमटते ती जाड काचेच्या आतल्या अंगाला आणि पटल असते बाहेर, त्यामुळे मान जराशी कलली तरी रंगाची हद्द रेषेपासून सरकते. म्हणून जाणता कारागीर दोन रंगांची सीमा नेहमी अशा पट्ट्यात ठेवतो, जेथून खेळातील काहीच जात नाही, आणि तो पट्टा शोधायचा तर खेळ पुष्कळ खेळलेला असावा लागतो. शिवाय या यंत्राची रेखाटणी अंकीय नसून विद्युद्दाबावर चालणारी असल्याने एका यंत्रावरचे वर्तुळ दुसऱ्या यंत्रावर किंचित चपटे किंवा सरकलेले पडते. कारखान्याचे पटल सर्वसाधारण यंत्रासाठी कापलेले असे. घरचे पटल आपल्या टेबलावरच्या त्या एका यंत्रासाठी.

छपाईत पहिली अडचण येते ती फिकेपणाची. कागदावर प्रकाश शाईतून दोनदा जातो, आत जाताना आणि परतताना. पारदर्शक तावातून तो एकदाच जातो, म्हणून संगणकावर गडद भासलेला रंग पडद्यापुढे धुतल्यासारखा निघतो. (चकाकीला मारणारा नियम तोच येथे रंगाच्या मुळावर येतो.) उपाय साधा आणि कष्टाचा: एकच चित्र दोन तावांवर छापायचे, काठ अचूक जुळवून ते एकमेकांवर बसवायचे, आणि शाई आतल्या बाजूस राहील अशा बेताने एक ताव उलट्या प्रतिमेचा घ्यायचा. इंकजेटसाठी एका अंगाला लेप दिलेला ओएचपी ताव लागतो, नाहीतर शाईचे थेंब होऊन ती तशीच ओली राहते; लेझरसाठी उष्णता सोसणारा ताव लागतो, नाहीतर तो यंत्रातच वितळतो. काळी चौकट नुसत्या शाईने पुरेशी बंद होत नाही, आणि पांढरा रंग घरगुती छपाईयंत्राकडे नसतोच. म्हणून काहीजण अक्षरांमागे पांढरी पट्टी हाताने लावतात. काहींनी छपाई सोडून आपल्या नाटकांच्या प्रकाशयोजनेत दिव्यांपुढे लावतात त्याच जातीचे जिलेटिन कापून वापरले आहे. त्या रंगाची शुद्धता शाईला येत नाही. मात्र लाल आणि निळे जिलेटिन गडद घेतले, तर आधीच बारीक असलेली रेषा पार विझून जाते, तेव्हा फिकी छटाच निवडावी लागते.

खेळ कोणता, यावरही सगळे अवलंबून असते. स्टार कॅसलसारख्या ठाण मांडून बसलेल्या रचनेला पटल चोख बसते. स्क्रॅम्बलसारख्या खेळात डोंगर, रॉकेटे आणि गुहा सतत सरकत येतात. तेथे प्रत्येक वस्तूला रंग देऊ पाहणाऱ्याचा तिरंगी तावासारखाच फजितवडा होतो. अशा खेळासाठी अनुभवी हात वर एक फिकट पट्टी आणि खाली एक गडद पट्टी छापतात, कडेची चौकट मन लावून नटवतात, आणि मधला सगळा भाग, जेथे विमान उडायचे असते, रंगाशिवाय कोरा सोडतात.