केसापासून तंगुसापर्यंत : गळाच्या गाठीची कुळकथा

बोटभर माशाला एक केस, ट्राउटला नऊ, थोराड ट्राउटला बारा आणि सामनला पंधरा. १४९६ साली वेस्टमिन्स्टरला विंकिन द वोर्ड या मुद्रकानं गळानं मासे धरण्याच्या कलेवरचं एक इंग्रजी प्रकरण छापलं, त्यातला हा हिशेब. केस घोड्याच्या शेपटीचे. डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर परंपरेनं चालत आलेल्या या प्रकरणात काठी कशी करावी, केस कसे रंगवावेत, पीळ कसा घालावा हे सगळं सांगितलं आहे. शेपटीचा केस फार तर दीड-दोन हात लांब. दोर मात्र कितीतरी हात हवा. म्हणून केसांचे पिळलेले तुकडे एकमेकांना जोडायचे. कशानं, तर ‘पाण्याच्या गाठी’नं नाहीतर ‘डचेसच्या गाठी’नं. बांधून झालं की उरलेली टोकं गाठीपासून गवताच्या काडीइतकं अंतर ठेवून कापायची.

गळाच्या गाठींची लेखी वंशावळ इथून मांडता येते. ही गाठ इतर गाठींहून निराळ्या स्वभावाची आहे. खलाशाच्या गाठीला दोन कामं असतात: ताण असताना धरून ठेवायचं आणि काम झालं की सहज सुटायचं. क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकन चित्रकारानं १९४४ साली गाठींचा जो प्रचंड कोश प्रसिद्ध केला, त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक नोंदींमध्ये अशा सुटणाऱ्या गाठींची रेलचेल आहे. गळाच्या गाठीला सुटायचं कामच नाही. ती अस्सल निरगाठ. एकदा आवळली की तिचा शेवट कात्रीनं होतो, नाहीतर माशानं. त्यामुळे तिच्याकडून एवढंच मागितलं जातं, की निसटू नकोस आणि दोरा जिथं तुझ्यात शिरतो तिथं त्याला तोडू नकोस. ही मागणी पाचशे वर्षांत बदललेली नाही. बदलत गेला तो दोरा, आणि दर वेळी त्यानं जुनी गाठ निकामी करून नवी जन्माला घातली. एखाद्या हुशार माणसाला गाठ सुचली अशा गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, पण त्या माणसाच्या हातात त्या वेळी कोणता दोरा होता हे पाहिल्याशिवाय त्या अर्ध्याच राहतात.

घोड्याचा केस गाठीला सोयीचा. तो थोडा ताणला जातो, पिळलेल्या पेडांमुळे पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि एक वेढा दुसऱ्यावर रुतून बसतो. दोन टोकं शेजारी-शेजारी धरून साधी गाठ मारली, तरी ती टिकते. आयझॅक वॉल्टनचं १६५३ सालचं गळ-मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तकही केसाच्याच दोऱ्याच्या काळातलं. पण केसाला मर्यादा होती. ताकद हवी तर केस वाढवायचे, केस वाढवले की दोरा जाड, आणि नितळ पाण्यातला मासा जाड दोरा पाहून बिचकतो.

बारीक आणि तरी मजबूत असं काही हवं होतं. सॅम्युअल पेप्स या सरकारी अधिकाऱ्यानं मार्च १६६७ मध्ये आपल्या रोजनिशीत एका ओळखीच्या वादकाची युक्ती लिहून ठेवली आहे: वाद्याची बारीक तात घ्यायची, तिला वार्निश लावायचं म्हणजे ती पाण्यात फुगत नाही, आणि तिनं मासे धरायचे. हे गुपित पेप्सला भलतंच आवडलं. पण पुढची दोन शतकं गाजवली ती वेगळ्याच तातेनं. ती रेशमाच्या किड्याच्या पोटातून यायची.

तिचं मोठं केंद्र स्पेनमधलं मुर्सिया. किडा पाला खाऊन तयार झाला, आता कोष विणायला बसणार, अशा वेळी त्याला व्हिनेगरमध्ये बुडवायचं. मग पोट फाडून रेशमाच्या दोन ग्रंथी बाहेर काढायच्या आणि दोन्ही टोकांना धरून हातानं ताणायच्या. जे रेशीम किड्यानं शेकडो मीटर लांब धाग्यात ओतलं असतं, ते एक-दीड फुटाच्या सलग तारेत गोठतं. तार घट्ट, गुळगुळीत आणि पाण्यात जवळजवळ न दिसणारी. शस्त्रक्रियेत टाके घालायलाही हीच तात वापरत. एक वेढा जास्त देऊन मारलेली ‘सर्जनची गाठ’ आज गळवाले दोन दोरे जोडायला वापरतात.

रेशमी तातेनं दोन अडचणी आणल्या. लांबी इतकी कमी, की गळाजवळचा नऊ फुटांचा बारीक दोरा करायला सात-आठ तारा लागत. म्हणजे प्रत्येक दोऱ्यात अर्धा डझन तरी गाठी, आणि प्रत्येक गाठ म्हणजे तुटायची एक जागा. शिवाय कोरडी तात ठिसूळ. तशीच बांधायला गेलं तर वळणावर कट्कन मोडते. म्हणून ती आधी पाण्यात भिजवून मऊ करायची. त्या काळचे गळवाले ओल्या फेल्टच्या चकत्या घातलेली चपटी गोल डबी खिशात बाळगत, ती यासाठीच.

या तातेच्या पोटी जन्मली ती पिंपासारख्या आकाराची गाठ. इंग्रजीत तिला ‘ब्लड नॉट’ किंवा ‘बॅरल नॉट’ म्हणतात. दोन टोकं समोरासमोरून एकमेकांवरून पुढे न्यायची, प्रत्येकाचे दुसऱ्याभोवती तीन-चार वेढे घ्यायचे, मग दोन्ही टोकं मागे आणून मधल्या फटीतून विरुद्ध दिशांनी काढायची आणि ओढायचं. वेढे एकावर एक न चढता ओळीनं बसतात. ताण एका तीक्ष्ण वळणावर न येता सगळ्या वेढ्यांत वाटला जातो. दोन्ही दोरे सरळ रेषेत राहतात, त्यामुळे गाठ पाण्यात फारशी अडत नाही. पाण्याच्या गाठीत दोरा एकदम वळतो; गुळगुळीत, कडक तातेला ते वळण सोसत नाही. म्हणून वळणाऐवजी वेढे आले. यापुढची सगळी वंशावळ या वेढ्यांची आहे.

हे झालं दोऱ्याला दोरा जोडण्याचं. गळाचं काय? पूर्वी बारीक गळाला डोळाच नसे. पिसं-दोऱ्यांची खोटी माशी त्यावर बांधताना तातेचा तुकडा गळाच्या दांडीला लपेटून कायमचा जखडलेला असे. तात झिजली की माशीही फेकायची. डोळ्याचे गळ अगदी जुन्या काळापासून होते, पण जाडेभरडे. बारीक तारेचा, नाजूक माशीला पेलेल असा डोळ्याचा गळ इंग्लंडमध्ये १८७९ च्या सुमाराला घडवला, तो जॉर्ज बँकार्ट आणि एच. एस. हॉल या दोघांनी. यातले हॉल म्हणजे ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजातले गणिताचे मास्तर हेन्री सिंक्लेअर हॉल. ‘हॉल अँड नाइट’चं बीजगणित ज्यांनी परीक्षेच्या धास्तीनं घोटलं, त्या मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना या नावाची दुसरी बाजू क्वचितच कळली असेल. त्यांचं ‘हायर अल्जिब्रा’ १८८७ चं. गळाचा डोळा त्याहून आठ वर्षांनी थोरला.

गळाला डोळा आला आणि तात व माशी वेगळ्या झाल्या. आता पाण्याकाठी उभं राहून, हवी ती माशी मिनिटभरात बांधायची सोय झाली. म्हणजे डोळ्यासाठी वेगळी गाठ हवी. हँपशरमधल्या न्यूटन स्टेसीचे मेजर टर्ल यांनी १८८० च्या दशकात ती लोकांसमोर आणली आणि ती ‘टर्ल’ नावानंच रूढ झाली. तात डोळ्यातून ओवायची, सरकफास करायचा, फास माशीवरून मागे नेऊन डोळ्याच्या मागे दांडीच्या मानेवर आवळायचा. गाठ डोळ्यावर न बसता मानेवर बसल्यामुळे ओढ दांडीच्या सरळ रेषेत येते आणि माशी पाण्यावर वाकडी पडत नाही. भिजलेल्या मऊ तातेत ही गाठ उत्तम धरते.

मग २८ फेब्रुवारी १९३५ ला अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या गटानं नायलॉन तयार केलं. १९३८ मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली आणि १९३९ पासून कंपनी नायलॉनचा एकपेडी दोरा मासेमारीसाठी विकू लागली. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत ज्याला तंगूस म्हणतात, तो हा. किडा नको, व्हिनेगर नको, भिजवायची डबी नको, आणि लांबी हवी तेवढी सलग. तातेनं जन्माला घातलेल्या मधल्या गाठींची गरजच अर्ध्याहून अधिक संपली. मुर्सियाचा जुना धंदाही या दोऱ्यापुढे टिकला नाही.

पण तंगूस तातेहून गुळगुळीत, लवचीक, आणि ताणला की बारीक होणारा. टर्लची गाठ त्यात सरकू लागली. फास दुहेरी करावा लागला. स्टॅन्ली बार्न्स यांचं गळाच्या गाठींवरचं पुस्तक १९४७ साली निघालं, त्याच्या नावातच रेशमी तात आणि नायलॉन असे दोन्ही दोरे आहेत. एक राज्य संपून दुसरं सुरू होताना लिहिलेलं ते पुस्तक. या नव्या राज्यात पुढे आली ती पिंपगाठीची अर्धी बहीण, ‘क्लिंच’. टोक डोळ्यातून ओवायचं, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, मग डोळ्याशेजारच्या फटीतून काढायचं. तेही सरकतंय असं दिसल्यावर टोक नव्यानं झालेल्या मोठ्या फासातून आणखी एकदा ओवायची सुधारणा झाली. आज जगभर बहुधा हीच गाठ सर्वांत आधी शिकवली जाते.

वेढे पाचच का? उत्तर अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रात आहे. खांबाला गुंडाळलेल्या दोराची पकड वेढ्यांच्या प्रमाणात वाढत नाही, ती गुणाकारानं वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर एक वेढा ओढ साडेतीन पटींनी कमी करतो आणि पाच वेढे पाचशेहून अधिक पटींनी. गाठीत खांबाच्या जागी दुसरा लवचीक दोरा असतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दिशा तीच. माशाची सगळी ओढ वेढ्यांत जिरते आणि टोकापर्यंत नाममात्र उरते. फार वेढे घेतले तर मात्र ते नीट सरकून जागेवर बसत नाहीत, आणि न बसलेली गाठ ऐन वेळी सरकते.

याच घर्षणाचा दुसरा परिणाम उष्णता. कोरडी गाठ झटक्यात आवळली की वेढे एकमेकांवर घासून तापतात आणि नायलॉन तिथं मऊ पडून कमजोर होतं. म्हणून आवळण्याआधी गाठ थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करतात आणि सावकाश ओढतात. सवय जुनीच, तातेच्या काळातली. कारण मात्र पार बदललेलं. तात मोडू नये म्हणून भिजवायची, तंगूस तापू नये म्हणून. आजोबांनी सांगितलेली रीत नातवाला उपयोगी पडली, पण आजोबांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गाठींचं माहेर इंग्लंडच्या ओढ्यांवरून अटलांटिकच्या उबदार पाण्यात हललं. फ्लोरिडाच्या बेटांवर मोठे, लढाऊ मासे नायलॉनवर धरायचे तर गळाजवळ जाड दोरा लागतो. जाड आणि बारीक दोरे जोडण्यासाठी तिथले वाटाडे जिमी अल्ब्राइट यांच्या नावाची गाठ आली. बहामाजमधल्या बिमिनी बेटाच्या नावानं वीस पीळ देऊन दुहेरी दोरा करायची गाठ रुजली. तिच्यात दोऱ्याची जवळजवळ सगळी ताकद टिकते, कारण ताण एका तीक्ष्ण वळणावर न येता पिळांत हळूहळू वाटला जातो. एकच गाठ शिका आणि तिनंच सगळी कामं करा, असा सुटसुटीत ‘युनी’चा मार्ग फ्लोरिडातले लेखक-संपादक व्हिक डनवे यांनी लोकप्रिय केला.

मग पुन्हा दोरा बदलला. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्त्रा यांनी १९७९ मध्ये पॉलिथिलीनपासून अतिशय मजबूत तंतू काढायची रीत शोधली. १९९० मध्ये त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. त्याचा विणलेला दोरा, म्हणजे आजची ब्रेडेड लाइन. वजनाच्या मानानं पोलादाहून कितीतरी पट मजबूत, जवळजवळ न ताणणारी आणि विलक्षण निसरडी. घर्षणाचा गुणांक ०.०५ धरला, तर त्याच सूत्रानं पाच वेढ्यांची पकड पाचशे पटींवरून पाच पटींच्याही खाली येते. तंगुसावर बिनघोर धरणारी क्लिंच इथं सुटते, त्यात बांधणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. पाचशे पटींपर्यंत परत पोहोचायचं, तर वेढे वीस हवेत.

जपानी गळवाल्यांमुळे पसरलेली ‘एफजी’ गाठ नेमकं हेच करते. ब्रेडेड दोरा ताणून धरतात आणि जाड तंगुसाभोवती आळीपाळीनं वर-खाली असे वीसएक वेढे विणत जातात. तंगुसाला एकही वळण देत नाहीत. ओढ वाढते तशी विणीची मिठी घट्ट होते. वळण नाही म्हणून तंगूस तुटत नाही, वेढे भरपूर म्हणून ब्रेड निसटत नाही. गाठ इतकी सडपातळ, की काठीच्या कड्यांतून सळसळत जाते.

कोकणात खडपावर गरवणाऱ्यांच्या रिळावर आता बहुधा ब्रेड असतो आणि गरीजवळ तंगूस. जिताडा किंवा तांबोशी लागली, की एकाच ओढीत दोन वेगळ्या कुळांच्या गाठींची परीक्षा होते: मधली एफजी, टोकाची क्लिंच किंवा युनी. म्हणून ‘सर्वांत मजबूत गाठ कोणती?’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. आधी दोरा कोणता ते सांगायचं, मग गाठ. आणि बांधलेल्या जोडावर विश्वास टाकण्याआधी, दोरा कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी दमानं खेचून बघायचं. जी गाठ सरकायची ती तिथंच सरकते.

दोरा जातो तेव्हा त्याची गाठही जाते, असं मात्र नाही. घोड्याच्या केसांचा दोरा कधीच संपला. ‘पाण्याची गाठ’ या नावानं आज ओळखली जाणारी गाठ गळावरून उतरून गिर्यारोहकांकडे गेली. चपट्या नायलॉन पट्टीची दोन टोकं जोडायला ती चांगली, कारण पट्टीवर पट्टी सपाट बसते. सह्याद्रीतल्या कड्यांवर चढणारे तिला ‘टेप नॉट’ म्हणतात, आणि शिकणाऱ्याला पहिली ताकीद देतात: वापरता-वापरता ही हळूहळू सरकते, तेव्हा टोकं चांगली चार बोटं बाहेर ठेवा आणि दर वेळी भार टाकण्याआधी तपासा. केसाच्या दोऱ्याला टोक काडीभर ठेवलं तरी चालत होतं. पट्टीला चार बोटं लागतात. दोरा बदलला, म्हणून नियमही.