ऑर्केस्ट्रामागची नावं

घरची कामं हातावेगळी करता करता ऐकत असाल, तर काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आजच्या भागात आपण ऑर्केस्ट्राचा इतिहास ऐकणार आहोत.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतलं नाहीतर नवरात्रातलं स्टेज आठवतं. दोन गायक, एक निवेदक, कीबोर्ड, ढोलकी आणि सिनेमाची गाणी. पण मूळ विलायती ऑर्केस्ट्रा म्हणजे सत्तर-ऐंशी, कधी शंभराच्या वर वादक. निम्म्याहून जास्त तर व्हायोलिनच्या जातीची वाद्यं, बाकी बासऱ्या, तुताऱ्या, नगारे. प्रत्येकासमोर कागद. कोणी कधी वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. समोर उभा असलेला संचालक हातातल्या छडीने सगळ्यांना सांभाळतो. मराठीत याला आपण वाद्यवृंद म्हणतो.

आपल्या माहूरच्या रेणुकामातेचा गोंधळही वाद्यवृंदच आहे. संबळ, तुणतुणं, झांज आणि दिवटीचा उजेड. फरक एवढाच, की गोंधळ्यासमोर कागद नसतो. रेणुराई गोंधळी असो की तुळजापूरकडचा कदमराई, त्याची विद्या बापाकडून लेकाकडे तोंडीच येते.

आता या दोन पद्धती एकत्र आल्या तर? एकाला पाठ आहे, दुसरा वाचून वाजवतो. एक मनाला येईल तेवढं गाणं लांबवतो, दुसऱ्याची मात्रान् मात्रा मोजलेली. हा पेच १९६९ साली लंडनच्या लोकांनी पाहिला. डीप पर्पल नावाचा रॉक बँड होता. रॉक म्हणजे विजेची गिटार आणि दणदणीत ड्रम. विजेच्या गिटारचा आवाज तारेतून यंत्रात जातो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. एक गिटार अख्ख्या व्हायोलिनच्या रांगेला झाकून टाकू शकते. बँडमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन लॉर्ड यांनी बँड आणि ऑर्केस्ट्रा दोघांसाठी मिळून एक रचना लिहिली. २४ सप्टेंबर १९६९ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती सादर झाली. रिची ब्लॅकमोर गिटारवर, सोबतीला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि छडी माल्कम अर्नोल्ड यांच्या हातात. तालमीत ऑर्केस्ट्रातल्या काहींनी नाकं मुरडली, पण अर्नोल्ड यांनी बाजू सांभाळली. कधी बँड पुढे, कधी ऑर्केस्ट्रा, कधी दोघं एकमेकांना उत्तर देतात, अशी ती बांधणी होती.

पुढे त्या रचनेचे लिहिलेले कागद हरवले. पन्नास-साठ मिनिटांची रचना, आणि वाजवायला कागद नाही! मग मार्को द खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून सगळी लिपी नव्याने लिहून काढली. तेव्हा कुठे १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये ती परत वाजली. गटाची वही सांभाळणाऱ्या आपल्या सचिवताईंना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

पण मैत्रिणींनो, लंडनच्या आधीच आपल्या मुंबईत असा मेळ बसवणारी माणसं होती, आणि त्यात बायाही होत्या.

मुंबईचं रेडिओ केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झालं. त्या सुरुवातीच्या काळात खुर्शीद मिनोचर-होमजी ही पारशी मुलगी आपल्या बहिणींना घेऊन रेडिओवर वादनाचे कार्यक्रम करायची. होमजी सिस्टर्स या नावाने त्या ओळखल्या जायच्या. पुढे बॉम्बे टॉकीजने खुर्शीद यांना संगीत द्यायला बोलावलं. १९३५ मध्ये ‘जवानी की हवा’ आला आणि पारशी समाजातल्या काही लोकांनी गदारोळ केला, की आपल्या मुली सिनेमात कशा? त्यावर तोड काय निघाली? नाव बदललं. खुर्शीद झाल्या सरस्वती देवी आणि त्यांची बहीण माणेक झाली चंद्रप्रभा. ‘अछूत कन्या’चं संगीत सरस्वती देवींचंच. काम चाललं, पण स्वतःचं नाव झाकून.

मुंबईच्या सिनेमाला मोठा ऑर्केस्ट्रा मिळाला तो मात्र गोव्याच्या वादकांमुळे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना प्रार्थनागीतांबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. ती पन्नास वाद्यांत वाटून, प्रत्येकाचा कागद लिहून देणारा असायचा अरेंजर. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट होते. लोकांच्या ओठांवर गाणं आलं, पण ही नावं आली नाहीत.

त्यांतलेच एक अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७ चा, गोव्यातल्या माजोर्डा गावचा. वडील चर्चमध्ये गायनवृंद सांभाळायचे. १९४३ मध्ये अँथनी मुंबईत आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते उत्तम अरेंजर आणि शिक्षक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले.

पण दिवसभर दुसऱ्याच्या चाली सजवणाऱ्या या माणसाला स्वतःचंही काही सांगायचं होतं. आपले राग विलायती ऑर्केस्ट्रातून वाजावेत, अशी त्यांची ओढ होती. सारंग रागावर, तोडी थाटावर त्यांनी स्वतःच्या रचना लिहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याचा कार्यक्रम झाला. शंभराहून अधिक वादक, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. एरवी जे स्टुडिओच्या बंद दारामागे वाजवायचे, ते त्या दिवशी लोकांसमोर बसले होते. हे लंडनच्या अकरा वर्षं आधीचं, बरं का!

१९६५ मध्ये गोन्साल्विस शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात गेले. परत आले ते सिनेमाकडे न वळता आपल्या माजोर्ड्यात राहिले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यात अमिताभ बच्चन भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येतात आणि आपलं नाव सांगतात, ते हेच नाव! प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेलं ते फूल होतं. सगळा देश ते नाव गात होता, आणि ते एका खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. २०१२ मध्ये ते वारले.

नावासाठी लतादीदींनाही झगडावं लागलं. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर त्यांचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. लोकांनी रेडिओला विचारलं, ही बाई कोण? तेव्हा नाव जाहीर झालं. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला बक्षीसच नव्हतं, तर दीदींनी त्यांच्या समारंभात गायलाच नकार दिला. पार्श्वगायनाचं पहिलं बक्षीस १९५९ मध्ये सुरू झालं आणि ते त्यांनाच मिळालं. आणि १९७४ मध्ये, ज्या अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पलची गिटार वाजली होती, तिथेच लतादीदी आपली गाणी गायला उभ्या राहिल्या. दिलीपकुमार यांनी त्यांची ओळख करून दिली. पडद्यामागचा आवाज साता समुद्रापार स्वतःच्या नावाने गायला.

आता दिवस थोडे पालटलेत. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. २०१५ मध्ये त्याच्यासोबत झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी स्वतः रचलेलं ‘पेशकार’ सादर केलं. तबल्याचे बोल पाठांतराचे आणि ऑर्केस्ट्राचे कागद लिहिलेले, तरी दोघं एका समेवर आले. रचना कोणाची हे विचारावं लागलं नाही, नाव आधीच छापलेलं होतं.

आम्ही सहयोगिनी गावोगाव गटांच्या बैठका घेतो, म्हणून या इतिहासाकडे आमचं लक्ष जास्त गेलं. पापड आपल्या बायका लाटतात आणि पाकिटावर नाव व्यापाऱ्याचं लागतं. शेतात राब तिचा असतो आणि सातबारा त्याच्या नावाचा. कष्ट झाले म्हणून नाव आपोआप लागत नाही. ते मागावं लागतं, लिहावं लागतं आणि लिहिलेलं जपावं लागतं.

म्हणून दोन कामं सांगतो, या महिन्याच्या बैठकीत विषय म्हणून घ्या. आपल्या मालाच्या पाकिटावर गटाचं आणि गावाचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसरं, घरी गोंधळ घालाल तेव्हा संबळ वाजवणाऱ्याला, तुणतुणं धरणाऱ्याला नाव विचारा, ही विद्या कोणाकडून आली ते विचारा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. त्याच्यासमोर कागद नाही, तर निदान आपल्या वहीत तो असू द्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर सगळ्या मैत्रिणींना नमस्कार!